गेमची दुनिया रेखाटायला शिकायचंय? प्रवेश परीक्षा, पात्रता आणि कागदपत्रं

मुलाला किंवा मुलीला गेममधली गावं, किल्ले, पात्रं, वाहनं कागदावर उतरवायची आवड आहे असं कळलं की घरचे ‘गेम डिझाइन’ नावाचा कोर्स शोधायला बसतात. शोधाची ही सुरुवातच चुकते. गेम बनण्याआधी त्यातलं जग आणि पात्रं चित्रांतून ठरवणं म्हणजे कन्सेप्ट डिझाइन. त्याचा पाया म्हणजे रेखाटन, परस्पेक्टिव्ह (चित्रातला दूर-जवळचा आभास), मानवाकृती आणि निरीक्षण. कोडिंग त्यात फारसं नाही. म्हणून कोर्सच्या नावापेक्षा पहिल्या दोन वर्षांचा अभ्यासक्रम वाचा. त्यात चित्रकला आणि स्टुडिओचे तास किती, हे आधी मोजा.

बारावीनंतर कुठे?

बी.डेस. म्हणजे डिझाइनच्या पदवीसाठी आयआयटी मुंबई दरवर्षी यूसीड ही प्रवेश परीक्षा घेते. विज्ञान, वाणिज्य, कला, कोणत्याही शाखेचा विद्यार्थी बसू शकतो, पण बारावी त्याच वर्षी दिलेली किंवा आदल्या वर्षी उत्तीर्ण झालेली असावी लागते, आणि परीक्षा जास्तीत जास्त दोनदा, तीही लागोपाठच्या वर्षी देता येते. वयाची अटही आहे, त्यामुळे माहितीपुस्तिकेतली जन्मतारीख तपासून घ्या. पेपर तीन तासांचा. दोन तास संगणकावर, शेवटचा तास कागदावर चित्र. मुली, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना शुल्क निम्मं असतं. अर्ज साधारण ऑक्टोबरात, परीक्षा जानेवारीत. निकाल लागला म्हणजे प्रवेश झाला असं समजू नका. जागावाटपासाठी संस्थांचा पसंतीक्रम देऊन वेगळा अर्ज भरावा लागतो. चांगला क्रमांक मिळूनही हा दुसरा अर्ज राहून गेला, तर जागा मिळत नाही.

एनआयडी म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था. तिची परीक्षा दोन टप्प्यांत होते, प्रिलिम्स आणि मग मेन्स. बी.डेस.ला तिथे वयाची अट कडक आहे, आरक्षित प्रवर्गांना सवलत आहे. कन्सेप्ट डिझाइनला जवळची शाखा म्हणजे अहमदाबादची अ‍ॅनिमेशन फिल्म डिझाइन.

महाराष्ट्रात राहूनच शिकायचं तर बीएफए, म्हणजे ललित कलेची पदवी. त्यासाठी राज्याची एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा असते. त्यातला स्मरणचित्राचा पेपर मला या क्षेत्रासाठी फार उपयोगी वाटतो, कारण मनातलं दृश्य समोर काही न ठेवता काढणं हेच पुढचं रोजचं काम. मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयाला 2023 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तेव्हा तिथल्या प्रवेशाची सूचना त्यांच्याच संकेतस्थळावर पाहा. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षांच्या ग्रेडमुळे दहावीला वाढीव गुण मिळतात, पण यूसीडच्या गुणवत्ता यादीत त्याचा उपयोग नाही.

पदवीनंतर

थेट ‘डिजिटल गेम डिझाइन’ हवं असेल तर एनआयडीच्या बेंगळुरू कॅम्पसला एम.डेस. (पदव्युत्तर पदवी) आहे. आयआयटीच्या एम.डेस.साठी सीड ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिला वयाची अट नाही, कितीही वेळा देता येते. जी.डी. आर्ट ही कला पदविका झालेल्यांनाही सीड देता येते, मात्र त्यांच्याकडे किमान एक वर्षाचा व्यावसायिक अनुभव लागतो. सीडनंतर प्रत्येक संस्थेकडे स्वतंत्र अर्ज करायचा असतो.

कागदपत्रं: खरी अडचण इथे

फोटो, सही, दहावीचं प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका किंवा परीक्षा द्यायची असेल तर प्राचार्यांचं पत्र, एवढं सगळ्यांना लागतं. नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसंच भरा. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं आणि आधारवर शेवटी, आणि अर्जात तिसराच क्रम टाकला की पडताळणीत प्रश्न येतात.

ओबीसींनी विशेष काळजी घ्यावी. राज्यातल्या प्रवेशासाठी काढलेला नॉन-क्रिमीलेअरचा दाखला आयआयटी आणि एनआयडीला चालत नाही. केंद्र सरकारच्या नमुन्यातला, त्याच आर्थिक वर्षात म्हणजे 1 एप्रिलनंतर काढलेला दाखला लागतो. सेतू केंद्रात अर्ज देतानाच ‘केंद्रीय नमुना’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर राज्याचाच हातात पडतो. जात केंद्राच्या यादीत आहे की नाही तेही पाहा. व्हीजेएनटी किंवा एसईबीसी हे प्रवर्ग त्या नावाने केंद्राच्या अर्जात नाहीत. ईडब्ल्यूएसचा दाखलाही केंद्राच्याच नमुन्यात. दाखल्याला वेळ लागतो, म्हणून अर्ज जुलै-ऑगस्टमध्येच टाका. राज्याच्या प्रवेशाला अधिवास आणि जात पडताळणीची फाइल वेगळी ठेवावी लागते.

पोर्टफोलिओ

पोर्टफोलिओ म्हणजे स्वतःच्या निवडक कामांचा संच. यूसीडला तो मागत नाहीत, एम.डेस.च्या मुलाखतीत आणि पुढे नोकरीत तोच बघतात. इंटरनेटवरच्या ड्रॅगनची नक्कल परीक्षक रोज पाहतात. त्यापेक्षा कोकणातलं एक घर घ्या. जांभ्याच्या भिंती, उतरतं कौलारू छप्पर, पागोळ्यांचं पाणी कुठे पडतं, विहिरीपासून स्वयंपाकघरापर्यंतची वाट कुठून, खळ्यात काय वाळत घातलंय. आता या जागी वर्षाचे अकरा महिने पाऊस पडतो असं धरा आणि पुन्हा काढा. छप्पर किती उतरतं करावं लागेल? धान्य कुठे ठेवतील? दारापुढचा चिखल कसा टाळतील? उत्तरं कडेला टिपांमध्ये लिहा, एका वस्तूची समोरून, बाजूने आणि वरून अशी तीन रेखाटनं द्या. फसलेली कच्ची पानंही जोडा. विचार कसा बदलत गेला ते त्यांतूनच दिसतं.

खासगी संस्था

फी भरण्याआधी विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे का आणि शेवटी पदवी मिळते की संस्थेचं स्वतःचं प्रमाणपत्र, हे लेखी विचारा. नुसत्या प्रमाणपत्रावर पुढे एम.डेस.चा अर्ज करता येईलच असं नाही. शिकवणाऱ्यांनी स्वतः काय काम केलंय ते पाहा, मागच्या वर्षीच्या मुलांचे पोर्टफोलिओ मागा. चकचकीत संगणक कक्ष दाखवतात, मॉडेल समोर बसवून रेखाटन होतं का ते सांगत नाहीत. लॅपटॉप, पेन टॅब्लेट आणि सॉफ्टवेअरचा खर्च फीमध्ये धरला आहे की वेगळा, प्रवेश रद्द केल्यास किती रक्कम परत मिळते, हेही पावती घेण्याआधी विचारून घ्या.