बंधारा शाबूत, बरगे गायब

ओसाड पडलेलं बांधकाम दिसलं की आपला पहिला तर्क ठरलेला असतो: काम निकृष्ट झालं असणार, नाहीतर कुणीतरी पैसे खाल्ले असणार. कधीकधी तो खराही असतो. पण वाऱ्यावर सोडलेल्या पुष्कळ बांधकामांचा पाया, दगड, काँक्रीट सगळं ठणठणीत निघतं. बदललेलं असतं ते भोवतालचं काहीतरी. कोल्हापूरकराला याचा दाखला शोधायला लांब जायला नको. एका बांधकामाला तर आपल्या गावाचंच नाव आहे, कोल्हापूर पद्धतीचा बंधारा.

नदीपात्रात ठरावीक अंतरावर खांब आणि खांबांना उभ्या खाचा. पावसाळा सरला की या खाचांत आडवे बरगे, म्हणजे सुट्या फळ्या, एकावर एक बसवायचे. पूर्वी ते लाकडी असत, पुढे लोखंडी आले. बरग्यांच्या दोन रांगा लावून मधल्या जागेत माती ठासली की गळती आटोक्यात येते. मेअखेरीस सगळे बरगे काढायचे आणि नदीला वाट मोकळी करून द्यायची. खरी हुशारी या काढण्यात आहे. घाटमाथ्यावरून येणारा पूर सोबत गाळ आणतो. कायमची भिंत असती तर तो मागे साचत गेला असता; इथे बराचसा गाळ खांबांमधून पुढे निघून जातो. पुराचं पाणी तर अख्ख्या बंधाऱ्यावरून जातं. कसबा बावड्याजवळचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेला, ही दर पावसाळ्यातली आपली पहिली बातमी. पंचगंगेची ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी मोजतात तीही तिथेच.

बरगा दिसायला साधा, पण त्याच्यावरचा भार साधा नसतो. समजा, दोन खांबांमधला गाळा २ मीटरचा आहे, पाणी ३ मीटर खोल आहे आणि तळाचा बरगा अर्धा मीटर उंच आहे. त्या एका बरग्यावर पाणी साधारण पावणेतीन टनांच्या भाराने रेलतं. खोली दुप्पट केली तर अख्ख्या गाळ्यावरचा एकूण दाब चौपट होतो. म्हणून हे बंधारे बुटकेच ठेवावे लागतात, आणि वाकलेला किंवा गंजलेला बरगा चालवून घेता येत नाही.

आता हा बंधारा बेवारस कसा होतो ते पाहू. बरगे सुटे असतात, लोखंडाचे असतात आणि निम्मं वर्ष नदीकाठी रचून ठेवलेले असतात. भंगारवाल्याला आणखी काय हवं? दहा-वीस बरगे गेले की उरलेले घालूनही उपयोग नसतो, कारण एका उघड्या गाळ्यातून सगळं पाणी निघून जातं. दुसरं संकट वेळेचं. बरगे लवकर घातले आणि परतीचा पाऊस जोराचा झाला, किंवा जूनच्या आधी काढायचे राहिले, तर पाणी तुंबतं आणि काठाची माती कापून बंधाऱ्याला वळसा घालतं. मग खांब जागेवर आणि नदी बाजूने, असं चित्र दिसतं. उशीर केला तर अडवायला पाणीच उरत नाही.

आपल्याकडे ही तारीख थोडी चुकली तरी निभावतं. वर राधानगरीसारखी धरणं आहेत. तिथून पाणी सोडलं की खालचे बंधारे पुन्हा भरतात, आणि उसाला पाणी उपसणाऱ्या संस्था बरग्यांसाठी अधिकाऱ्यांच्या मागे लागतात. मराठवाड्यात नमुना हाच गेला, पण बारमाही धरणाचा आधार आणि उसाचा तगादा सगळीकडे सोबत गेला नाही. नदी लवकर आटते, त्यामुळे बरगे घालायला मिळणारे दिवस थोडे. मांजरा नदीवर पुढे काही बंधाऱ्यांचं रूपांतर यांत्रिक दरवाज्यांच्या उच्च पातळी बंधाऱ्यांत करण्यात आलं. माझ्या मते हा कोल्हापुरी रचनेचा पराभव नाही. ती रचना माणसांच्या भरवशावर बेतलेली होती आणि नकाशात माणसं काढता येत नाहीत.

शाहू मिलच्या चिमणीची गोष्ट वेगळी आहे. १९०६ साली शाहू महाराजांनी उभारलेली ही सूतगिरणी २००३ मध्ये बंद पडली, चिमणी मात्र आहे. अशी उंच चिमणी निव्वळ धूर वर सोडण्यासाठी बांधत नसत. आतली हवा तापून हलकी होते, बाहेरची थंड हवा जड असते आणि या फरकामुळे भट्टीत आपोआप हवा ओढली जाते. ५० मीटर उंचीची चिमणी आणि २०० अंशांचा धूर धरला, तर ही ओढ जेमतेम २० मिलिमीटर पाण्याच्या दाबाइतकी भरते. तेवढ्यावर बॉयलरची भट्टी पेटती राहायची. पुढे विजेच्या मोटरी आल्या आणि एवढ्या उंचीची गरजच संपली. गिरणी बंद पडायला अर्थात गिरणीधंद्याची बिघडलेली गणितं होती. त्यात चिमणीचा काही दोष नव्हता.

काही बांधकामं तर पुरी होण्याआधीच अडकतात. शिवाजी पुलाशेजारचा नवा पूल काही वर्षं अर्धवट लोंबकळत होता, कारण जवळच ब्रह्मपुरीची संरक्षित टेकडी आहे आणि अशा स्थळापासून १०० मीटरांच्या आत बांधकामाला कायद्याने मनाई आहे. अर्ध्या पुलाचा कुणालाच उपयोग नसतो.

अर्ध्या धरणाचा असतो. राधानगरीचं काम शाहू महाराजांच्या काळात सुरू झालं, पैशाअभावी १९१८ च्या सुमारास थांबलं आणि पूर्ण झालं ते थेट १९५० च्या दशकात. मधली कित्येक वर्षं भिंत अपुऱ्या उंचीवर उभी होती. स्वतःच्या वजनावर पाणी तोलणाऱ्या धरणाचा पाया पूर्ण उंचीच्या हिशेबाने रुंद घेतात, त्यामुळे निम्म्या उंचीची भिंत उलट जास्तच सुरक्षित असते. साठा मात्र निम्मा होत नाही. दरी वर रुंद होत जाते, म्हणून तो त्याहून खूपच कमी भरतो. तरी पाणी अडत होतं, आणि अडलेल्या पाण्यामुळे उरलेलं काम करण्यात अर्थ राहिला.

या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे तर बरग्यांच्या अगदी उलटे. पाणी ठरलेल्या पातळीला पोचलं की त्याचा दाब प्रतिवजनाला भारी पडतो, दरवाजा स्वतःच उघडतो आणि १४२८ क्युसेक पाणी भोगावतीत सोडतो. त्याला वीज लागत नाही की हुकूम लागत नाही. पण अशी तोललेली यंत्रणा प्रत्येक लहान बंधाऱ्याला बसवणं परवडत नाही. तिथे अजूनही पावसाळा संपला की बरगे मोजावे लागतात आणि कमी भरले तर नवे मागवावे लागतात.