मते कोणी कोणाची खाल्ली? पुण्यातल्या तिरंगी लढतींची पार्श्वभूमी

निवडणूक आली की पुण्यात 'तिसऱ्याला मत म्हणजे मत वाया' हे पालुपद सुरू होते. लोकसभेपुरता ठळक दाखला १९९९चा. ऐन निवडणुकीच्या तोंडावर काँग्रेस फुटली, दोन्ही शकलांनी आपापला उमेदवार दिला आणि जागा भाजपकडे गेली. २००९मध्ये उलटे झाले, फटका भाजप-शिवसेना युतीला बसून काँग्रेस जिंकली. विजयाचे अंतर सुमारे २५ हजार, तर युतीतल्या शिवसेनेतून फुटलेल्या मनसेला ७५ हजार. हत्ती चिन्हावर, म्हणजे बसपकडून, उभ्या राहिलेल्या बांधकाम व्यावसायिकानेही ६० हजारांवर मते घेतली होती, ती मात्र चर्चेत येत नाहीत.

घोळ आहे तो 'मते खाल्ली' या शब्दप्रयोगात. २००९च्या विधानसभेला कसब्यात विजेता सुमारे ८ हजारांनी पुढे होता आणि दुसरा-तिसरा दोघेही ४६ हजारांच्या घरात. यातला खाणारा कोण? त्या दोघांतलाच एक, तेव्हा मनसेचा असलेला, २०२३च्या पोटनिवडणुकीत त्या दोघांतल्या दुसऱ्याच्या, म्हणजे काँग्रेसच्या, तिकिटावर उभा राहिला आणि सुमारे ११ हजारांनी जिंकला.

त्याच दिवशी निकाल लागलेल्या चिंचवडचे उदाहरण तर सर्रास दिले जाते. सत्ताधारी भाजपला १ लाख ३५ हजार, महाविकास आघाडीला ९९ हजार, आघाडीतल्याच बंडखोराला ४४ हजार. बेरीज केली की आघाडी ८ हजारांनी पुढे, म्हणून खापर बंडखोरावर. पण तो नसता, तर त्याच्या ४४ हजारांतले जेमतेम ४ हजार मतदार सत्ताधाऱ्यांकडे वळून बाकीचे सगळे आघाडीला मिळाले असते, तरी लढत बरोबरीत आली असती. शिवाय २०१९मध्ये हाच गृहस्थ, तेव्हा युतीचा बंडखोर, विरोधकांच्या पाठिंब्यावर जवळपास सरळ लढतीत उतरला होता. १ लाख १२ हजार मते घेऊनही ३८ हजारांनी हरला. हा आकडा खापर फोडणारे सोयीने विसरतात.

२०२४च्या लोकसभेला तिसऱ्याला ३२ हजार मते पडली, पण अंतरच सव्वा लाखाच्या आसपास, त्यामुळे तो विषय तिथेच संपला. विधानसभेला हडपसरमध्ये मात्र अंतर सुमारे ७ हजार आणि तिसऱ्याला ३२ हजारांवर. पहिला आणि दुसरा एकाच मूळ पक्षाच्या दोन गटांचे, तिसरा तिसऱ्याच पक्षाचा. ही मते कोणाच्या ताटातली धरायची?