वृक्ष प्राधिकरण

वृक्ष प्राधिकरण म्हणजे महाराष्ट्रातील शहरांत झाडतोडीच्या अर्जांवर निर्णय घेणारी वैधानिक समिती. इमारत असो, रस्ता असो की मेट्रो, कामाच्या आड झाड आले की प्रस्ताव इथे आणावा लागतो. नागरी भागातील झाडांच्या संरक्षण व जतनासाठी १९७५ साली झालेल्या राज्याच्या कायद्याने महापालिका आणि नगरपरिषदांत ही समिती आणली. महापालिकेत आयुक्त अध्यक्ष असतात. सोबत नगरसेवक आणि स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी. वृक्षगणनाही याच समितीकडे आहे.

सगळे काही अर्जासोबतच्या नकाशावर ठरते. प्रत्येक झाडाचा क्रमांक, जात, छातीच्या उंचीवर मोजलेला घेर आणि ते तोडायचे, हलवायचे की ठेवायचे, हे त्यात स्पष्ट हवे. पाहणीनंतर वर्तमानपत्रात जाहिरात येते, बुंध्यावर नोटीस लागते आणि हरकतीसाठी ७ दिवस मिळतात. ‘झाडे वाचवा’ एवढ्याच मजकुराची हरकत सुनावणीत टिकत नाही. झाडाचा क्रमांक, नोटिशीचा तारखेसह फोटो आणि ‘गटार दोन मीटर सरकवले तर हे झाड राहते’ असा नकाशावरचा पर्याय दिला, तर उत्तर द्यावेच लागते.

परवानगी मिळाल्यावरही १५ दिवस कुऱ्हाड चालवता येत नाही. न्यायालयात जाण्यासाठी नागरिकांच्या हाती असतो तो एवढाच अवधी. तो कधीपासून मोजायचा, यावर मुंबईतील आरे येथे २०१९ मध्ये मेट्रो कारशेडसाठीच्या झाडतोडीवेळी वाद झाला. उच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबरला तोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली, तोवर २,१४१ झाडे पडली होती.

कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना ‘प्राचीन वृक्ष’ म्हणून वेगळे स्थान दिले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट घातली. रोप ६ ते ८ फुटांचे हवे आणि ७ वर्षे जगवायचे. हिशेब करून पाहावा: ४० वर्षांची १२ झाडे म्हणजे ४८० रोपे, ३ × ३ मीटरने लावली तर ४,३२० चौरस मीटर, म्हणजे एकराहून जास्त जागा. ती शहरात मिळत नाही, म्हणून रोपे दूर कुठेतरी जातात आणि सावली गेलेल्या रस्त्याला काहीच परत मिळत नाही. वय घेरावरून अंदाजाने काढतात; घेर कमी लिहिला की रोपेही कमी होतात. म्हणून टेप लावून फेरमोजणी मागावी.

पुनर्रोपणाचे आश्वासन सर्वांत जास्त फसते. ४० सेंटिमीटर जाडीच्या बुंध्याला साधारण ४ मीटर व्यासाचा मुळांचा गोळा लागतो. प्रत्यक्षात जेसीबीने जेमतेम दीड मीटरचा उचलतात. पाणी शोषणारी बारीक मुळे टोकाकडे असतात. ती जुन्या खड्ड्यातच राहतात. सगळ्या फांद्या छाटलेला बुंधा साठवणीतल्या अन्नावर काही महिने पालवी दाखवतो आणि पुढच्या उन्हाळ्यात वाळतो. त्यामुळे ‘झाड जगले’ हा शेरा पहिल्या पालवीवर देऊ नये; दोन उन्हाळे गेल्यावर पाहणी करावी.

‘ठेवलेल्या’ झाडांकडे तर कोणी बघतच नाही. बहुतेक मुळे वरच्या ६० सेंटिमीटर मातीत असतात. केबलचा चर बुंध्याला लागून गेला की एका बाजूचा आधार तुटतो, वर काँक्रीट पडते आणि वरून झाड हिरवेच दिसते. पावसाळ्यात ते कोसळले की नोंद ‘वाऱ्याने पडले’ अशी होते. तोडलेल्या झाडांत ते मोजले जात नाही.