पार्श्वभूमी : ‘इव्हिल डेड’चा पहिला भाग नेमका कुठला?

‘इव्हिल डेड’ या इंग्रजी भयपटांच्या मालिकेतला ‘इव्हिल डेड राइझ’ एप्रिल २०२३ मध्ये आला तेव्हा पणजी-म्हापशाकडे ओळखीतल्या प्रत्येकाचा एकच प्रश्न होता : जुन्याच्या तोडीचा आहे काय? उत्तरं मात्र एकमेकांशी जुळत नव्हती. एक म्हणायचा, त्याच्यापुढे हा काहीच नाही. दुसरा म्हणायचा, जुना तर हसण्यासारखा होता, हा खरा भयंकर. जरा खोदून विचारलं की उलगडायचं, दोघांचा ‘जुना’ एक नव्हताच. पन्नाशीच्या माणसाचा जुना म्हणजे कॅसेटवरचा, तिशीतल्या पोराचा जुना म्हणजे २०१३ चा. आणि कॅसेटवाल्यांतही अर्ध्यांनी पहिला म्हणून जो पाहिला, तो दुसरा होता.

आमच्या वाड्यावर हा सिनेमा थिएटरातून आला नाही, तारवट्याच्या बॅगेतून आला. बोटीवरून सुट्टीला आलेला माणूस व्हीसीआर घेऊन यायचा, सोबत पाच-सहा कॅसेटी. एका कॅसेटवर निळ्या पेनानं फक्त ‘इविल डेड’ लिहिलेलं होतं, पुढे आकडा नाही. प्रतीची प्रत, तिचीही प्रत. पडद्याच्या खालच्या बाजूला पांढऱ्या रेघा सतत थरथरायच्या आणि रक्त लाल न दिसता चॉकलेटी दिसायचं. बल्ब घालवून वीसेक माणसं ओसरीवर दाटीवाटीनं बसलेली. त्यात एक माणूस स्वतःचाच हात कापून काढतो, तो हात सरपटत पळतो आणि बिळात शिरून त्याला वाकुल्या दाखवतो. आम्ही घाबरलो आणि लगेच हसलोही. वर्षानुवर्षं मी छातीठोकपणे सांगत होतो की मी पहिला भाग पाहिलाय. हात कापण्याचा तो प्रसंग मुळात १९८७ च्या दुसऱ्या भागातला.

पहिल्या भागाची जन्मकथा थोडक्यात. १९७८ मध्ये मिशिगनच्या काही पोरांनी पैसेवाल्यांना दाखवायला अर्ध्या तासाचा नमुना-सिनेमा केला. त्याच्या जोरावर टेनेसीच्या रानातल्या एका मोडक्या केबिनीत मुख्य चित्रीकरण झालं. खर्च पावणेचार लाख डॉलरच्या आसपास. रक्त म्हणजे मक्याचा पाक, खाण्याचा रंग आणि कॉफी. रानातून धावत येणाऱ्या अदृश्य शक्तीसाठी कॅमेरा फळीला बांधला आणि दोघं दोन टोकं धरून पळाले. १९८१ च्या ऑक्टोबरमध्ये डेट्रॉइटला पहिला खेळ झाला, तोही वेगळ्या नावानं. ‘बुक ऑफ द डेड’ म्हटलं तर लोकांना वाटेल काही वाचायचं आहे, असं विक्री करणाऱ्याचं म्हणणं पडलं आणि नाव बदललं.

आपल्याकडे रानाला राखणदार असतो, देवचार. तो वाट चुकवील, चपला वाजवील, पण त्याचे काही नियम असतात, विडी-रोटाचा नैवेद्य वेळेवर पोचला की तो गप्प. या केबिनीभोवतीच्या रानाला नियमच नाही. ओसरीवरच्या म्हाताऱ्यांना तेच खटकलं होतं. ‘ह्या भुताक कितें जाय?’ (या भुताला हवंय तरी काय?) असं कुणीतरी विचारलंही होतं.

सेन्सॉरची बाजू इथे सांगायला हवी, कारण ‘पहिला’ म्हणून ज्याचं कौतुक होतं तो सगळ्यांनी सारखा पाहिलेलाच नाही. ब्रिटनमध्ये १९८३ साली थिएटरसाठी ४९ सेकंद कापले गेले. व्हिडिओ कॅसेटवर खटले झाले, दुकानांतून जप्ती झाली, आणि १९८४ मध्ये तिथे व्हिडिओसाठी वेगळा कायदाच आला. १९९० मध्ये परवानगी मिळाली ती आणखी कात्री लावून. अख्खा सिनेमा तिथे कायदेशीरपणे बघायला २००१ उजाडलं. मधल्या काळात जगभर ज्या प्रती फिरल्या त्यांपैकी कुठली कापलेली आणि कुठली साबूत, हे निळ्या पेननं कोण लिहिणार?

आता खरा गुंता, तो १९८७ चा. (इथे त्या वर्षी राजभाषा कायदा झाला, ३० मे रोजी गोवा घटकराज्य झालं, त्यामुळे वाद घालायला आम्हाला दुसरे विषय होते.) ‘इव्हिल डेड टू’ हा सिक्वेल की रिमेक, यावर चाहते आजही भांडतात. पहिल्या भागात पाच जण केबिनीत जातात, तिथे त्यांना एक जुना ग्रंथ आणि त्यातले मंत्र भरलेली टेप सापडते, टेप वाजते आणि भूत जागं होतं. दुसऱ्याच्या सुरुवातीला तोच नायक, तीच केबिन, तीच टेप, पण जातात फक्त दोघं, तो आणि त्याची मैत्रीण लिंडा. बाकीचे तिघं जणू जन्मालाच आले नव्हते. सात-आठ मिनिटांत लिंडा भूतग्रस्त होते, मरते, पुरली जाते. आधीचा भाग पाहिलेला माणूस चक्रावतो : हा सगळं विसरून पुन्हा त्याच जागी का गेला?

कारण भुताखेताचं नाही, कागदपत्रांचं आहे. पहिल्या भागाचे वितरणाचे हक्क देशोदेशी वेगवेगळ्यांना विकलेले होते. ‘मागील भागात आपण पाहिले’ म्हणून जुनी दृश्यं दाखवायची तर सगळ्यांची परवानगी लागणार. ती मिळण्यासारखी नव्हती, म्हणून तेवढा सारांश नव्यानं चित्रित केला आणि वेळ वाचवायला पाचाचे दोन केले. पहिल्याच्या शेवटी ती शक्ती धावत येऊन नायकाच्या तोंडावर आदळते. दुसऱ्यात तो क्षण येतो, शक्ती त्याला उचलून झाडांतून भिरकावते, आणि तिथून पुढे कथा नवी. म्हणजे सुरुवातीचा तुकडा उजळणी, बाकीचा उत्तरभाग. ‘रिमेक’ म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो आणि ते ऐकत नाहीत.

त्यांचं ऐकायचं तर १९९२ च्या ‘आर्मी ऑफ डार्कनेस’लाही रिमेक म्हणावं लागेल. तिथेही उजळणी पुन्हा चित्रित केली आणि लिंडा पुन्हा बदलली. तीन भाग, तीन अभिनेत्री, एकच लिंडा. त्या ग्रंथाचं नावही पहिल्या भागात एक, दुसऱ्यापासून दुसरं. तिसऱ्याच्या नावातून तर ‘इव्हिल डेड’ हे शब्दच गेले. भय जवळपास संपलेलं, मध्ययुगात जाऊन पडलेला नायक फुशारक्या मारतोय. मला तो आवडतो, पण भीतीच्या तराजूत त्याला घालू नये.

म्हणजे मूळ त्रयीतच तीन जाती आहेत : कच्चा, ओबडधोबड भयपट, मग भय आणि हसू एकाच ताटात वाढणारा, आणि शेवटी साहस-विनोद. ‘आधीच्यांच्या तोडीचा’ म्हणताना यातल्या कुठल्याशी तुलना, हे कुणी बोलत नाही.

२०१३ चा ‘इव्हिल डेड’ रिमेक म्हणूनच विकला गेला. विनोद पूर्ण गाळला. केबिनीत जाण्याला कारण दिलं ते असं की पोरगी व्यसन सोडायला आलीये, त्यामुळे ती किंचाळते तेव्हा सोबत्यांना वाटतं नशा उतरतेय. या मालिकेतली ही सगळ्यांत हुशार पटकथा, असं माझं मत. पण तिथेही गुंता आहेच. केबिनीजवळ जुन्या भागांतल्या नायकाची गाडी गंजून पडलेली दिसते आणि श्रेयनामावली संपल्यावर म्हातारा झालेला मूळ नायक अंधारातून एक शब्द बोलून जातो. म्हणजे जुन्या गोष्टी घडून गेल्यात? मग हा रिमेक कसा? दरम्यान २०१५ ते २०१८ टीव्हीवर मूळ नायकाला घेऊन तीन हंगाम झाले. त्यांनी विनोदाचा धागा स्वतःकडे घेतला आणि सिनेमाला भीतीसाठी मोकळं केलं.

२०१३ च्या दिग्दर्शकानं नकली रक्ताचा आकडा सांगितला होता, ७० हजार गॅलन. शेवटी आभाळातूनच रक्त कोसळतं, बरंचसं त्यात गेलं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्यांसाठी हिशेब करून देतो : दहा हजार लिटरचे साडेसव्वीस टँकर. ‘राइझ’वाल्यांनी सांगितलेला आकडा साडेसहा हजार लिटर. एक टँकरही भरत नाही. तरीही थिएटरातून बाहेर पडणारा प्रत्येक जण ‘काय रक्त होतं!’ म्हणत होता.

याचं कारण जागा. ‘राइझ’नं केबिन सोडली. पाण्याकाठच्या केबिनीतली पहिली काही मिनिटं म्हणजे जुन्या प्रेक्षकाला घातलेला नमस्कार, मग कथा सरळ लॉस एंजेलिसमधल्या एका मोडकळीला आलेल्या इमारतीत शिरते. भूकंपानं पार्किंगची जमीन फाटते, आत ग्रंथ आणि जुन्या तबकड्या सापडतात, आणि तीन मुलांची आई पछाडली जाते. रानातल्या भुतापासून घराकडे पळता येतं. इथे भूत घरात आहे, ते मुलांना लाडानं हाका मारतं आणि जिना तुटलाय. सगळं रक्त लिफ्टच्या चौकोनात कोंडलं की साडेसहा हजार लिटर पुरून उरतात. घर-भाट विकून दोन बेडरूमच्या फ्लॅटात आलेल्या आमच्यासारख्यांना हे जास्त लागलं असेल तर नवल नाही.

आणि किसणी. जुन्या भागांतला चेनसॉ, म्हणजे यंत्रावरची करवत, आपल्याकडे चक्रीवादळानंतर रस्त्यात पडलेलं झाड कापायला येतो, तो घरातला नव्हे. ‘राइझ’मध्ये पोटरीवर फिरते ती गाजर किसायची चौकोनी, उभी किसणी. दृश्य दोन-तीन सेकंदांचंच. पणजीच्या मल्टिप्लेक्समध्ये माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईंनी ते दृश्य सुरू व्हायच्या आधीच, किसणी नुसती हातात घेतलेली दिसताच, दोन्ही पाय खुर्चीवर घेतले.

सुरुवातीला हा सिनेमा थेट ओटीटीवर जाणार होता. मग विचार बदलला, थिएटरात आणला, आणि जगभरात साडेचौदा कोटी डॉलरच्या घरात कमाई झाली, २०१३ वाल्याहून बरीच जास्त. पैशाच्या हिशेबात ‘तोडीचा काय?’ हा प्रश्न तिथेच मिटतो. शब्दांच्या हिशेबात नाही. ‘राइझ’मध्ये मूळ नायक नाही, फक्त तबकडीतल्या एका आवाजात त्या अभिनेत्याची चाहूल. तबकडीवरचा पाद्री सांगतो की असे ग्रंथ तीन आहेत. त्यावरून आता असं मांडतात की जुन्या त्रयीचा एक, २०१३ चा एक, ‘राइझ’चा एक. तीन ग्रंथ, तीन वाटा, म्हणजे कुणी कुणाचा सिक्वेल नाही, रिमेकही नाही. वकिलाला शोभेल अशी तोड. मला ती पळवाट वाटते, पण आधीच्या चाळीस वर्षांचा घोळ बघता दुसरी सुचत नाही.

माझं विचाराल तर ‘राइझ’ २०१३ च्या तोडीचा आहे, आईच्या भूमिकेपुरता सरसच. फळीला कॅमेरा बांधून पळणाऱ्या दोघांची ती धडपड त्यात नाही, ती आता विकत मिळणार नाही. १९८७ वाल्याशी तुलनाच नको, त्यात भीतीच्या मधोमध हसवण्याची जी हिंमत होती ती नंतर कुणी केलेली नाही.

सोबत आलेल्या भाच्यानं चार दिवसांनी मोबाईलवर जुना शोधून पाहिला आणि फोन केला. ‘मामा, तो हात पळतो तो भारी आहे. हाच पहिला ना?’