आधी बचत की आधी गाडी? अमेरिकन हप्त्याची पार्श्वभूमी

भांडवलशाही काटकसरीतून उभी राहिली आणि पुढे चैनीवर जगू लागली, असे सर्रास म्हटले जाते. हा बदल नेमका कसा घडला ते अमेरिकेतल्या १९१० ते १९३० या काळातल्या मोटारधंद्यात स्पष्ट दिसते.

त्याआधीची, म्हणजे काटकसरीची, बाजू जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी १९०४-०५ साली मांडली होती. प्रोटेस्टंट ख्रिस्ती धर्मातल्या कॅल्व्हिनपंथी श्रद्धेनुसार कोण तरणार हे देवाने आधीच ठरवलेले असते आणि माणसाला ते कळण्याचा मार्ग नसतो. या घालमेलीवर रिचर्ड बॅक्स्टरसारख्या प्युरिटन (याच परंपरेतल्या कडक इंग्रज पंथाच्या) धर्मोपदेशकांनी उतारा सांगितला तो आपापल्या कामात अखंड राबण्याचा. कमाई करण्यात पाप नव्हते, कमाईवर लोळण्यात होते. मिळवायचे पण उडवायचे नाही, म्हटल्यावर पैसा पुन्हा धंद्यातच जाणार. बेंजामिन फ्रँकलिनच्या १७४८ सालच्या उपदेशात, ‘वेळ म्हणजे पैसा’वाल्या, देव जवळपास दिसत नाही, सवय तेवढी शिल्लक आहे.

मोटारकारखानदार हेन्री फोर्ड याच सवयीचा माणूस. १९१३ साली त्याच्या कारखान्यात सुमारे १४,००० कामगार टिकवण्यासाठी वर्षभरात ५२,००० जणांची भरती करावी लागली, कारण फिरत्या पट्ट्यावरचे काम लोक सोडून जात. जानेवारी १९१४ मध्ये त्याने आठ तासांना पाच डॉलर रोज जाहीर केला. बातमीत सहसा एवढेच येते. प्रत्यक्षात त्यातली निम्म्याहून थोडी जास्त रक्कम ‘नफ्यातला वाटा’ म्हणून अटींवर मिळे. कंपनीच्या समाजशास्त्र विभागाचे तपासनीस घरी येऊन बचत, दारू, घराची स्वच्छता, पोटभाडेकरू अशा सगळ्याची चौकशी करत. पुढे हा विभाग सॅम्युएल मार्क्विस या धर्मगुरूंच्या हाती गेला, यात नवल ते काय!

फोर्डची प्रतिस्पर्धी जनरल मोटर्स हिने १९१९ साली जीमॅक ही पतपुरवठा कंपनी काढली, तीही ग्राहकाच्या चैनीसाठी नव्हे. कारखाना बारमाही चालवायचा होता, पण गाड्या खपत वसंत-उन्हाळ्यात. हिवाळ्यात बनलेला माल विक्रेत्याने रोख देऊन उचलावा आणि महिनोन्‌महिने साठवावा, एवढे भांडवल त्याच्याकडे नसे. बँकाही हात आखडत. म्हणून आधी विक्रेत्याच्या साठ्याला कर्ज आणि जोडीला ग्राहकाला हप्ते. साधारण नियम असा: एक तृतीयांश रक्कम आधी, बाकी बारा महिन्यांत. हे प्रमाण विचारपूर्वक ठरवलेले होते. नवी गाडी पहिल्या वर्षी झपाट्याने किंमत गमावते. आधी भरलेली रक्कम कमी आणि मुदत लांब ठेवली, तर देणे गाडीच्या किमतीपेक्षा जास्त राहते आणि ऋणको किल्ली परत टाकून मोकळा होतो.

व्याजाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. समजा ४०० डॉलर बाकी आहेत आणि सहा टक्के आकार, म्हणजे २४ डॉलर. ४२४ भागिले १२, महिना ३५.३३. पण मुद्दल दरमहा घटत असते, सरासरी बाकी २१७ डॉलरच्या आसपासच राहते. म्हणून खरा दर अकरा टक्के पडतो. आपल्याकडे दुचाकीच्या कर्जात ‘फ्लॅट रेट’ सांगतात, तो हाच प्रकार. खरा वार्षिक दर छापण्याची सक्ती अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने आली.

फोर्डला कर्ज पसंत नव्हते. १९२३ साली त्याने उलटी योजना आणली: दर आठवड्याला पाच डॉलर बँकेत भरा, त्यावर व्याज घ्या, पूर्ण किंमत जमली की गाडी न्या. शुद्ध प्रोटेस्टंट योजना, आणि ती फसली. समोरच्या शोरूममध्ये तीच हौस आजच्या आज पुरी होत असताना वाट कोण पाहणार? त्यात जनरल मोटर्सकडे जलद वाळणाऱ्या ड्यूको रोगणामुळे रंग आले आणि दरवर्षी नवे मॉडेल निघू लागले. फोर्डची मॉडेल टी गाडी १९२७ साली बंद पडली. १९२८ मध्ये फोर्डनेही स्वतःची कर्जकंपनी काढली.

समाजशास्त्रज्ञ डॅनियल बेल यांनी १९७६ साली लिहिले की प्रोटेस्टंट नीती, म्हणजे वर सांगितलेली काम आणि काटकसरीची शिस्त, मोडण्यात हप्त्याचा वाटा सर्वांत मोठा. आमच्या मते हे अर्धेच खरे. ‘ऋण काढून सण’ करणारा उधळ्या एका बाजूला, आणि बारा महिने पगाराला खाडा न होऊ देणारा हप्तेवाला दुसऱ्या बाजूला. हप्ता चुकला की गाडी जाई, भरलेले पैसेही बुडत. १९२९ च्या शेअर बाजाराच्या घसरगुंडीनंतर अनेक कुटुंबांनी हप्ता राखला आणि बाकी सगळी खरेदी आवळली. १९३० मध्ये मागणी इतकी का कोसळली, याचे एक स्पष्टीकरण अर्थतज्ज्ञ यातच शोधतात.

शिस्त खरी सैलावली ती क्रेडिट कार्डाने. सप्टेंबर १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात सुमारे ६०,००० कार्डे कोणी न मागता टपालाने पाठवली. थकबाकी चार टक्क्यांच्या आसपास राहील असा अंदाज होता, ती २२ टक्क्यांवर गेली. अशी न मागता कार्डे पाठवण्यावर १९७० मध्ये बंदी आली, पण पद्धत टिकली. हप्त्याला शेवटची तारीख असते. कार्डावर किमान रक्कम भरत राहिले की बाकी पुढे सरकत राहते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७८ च्या निकालाने बँकेला तिच्या मूळ राज्यातला व्याजदर देशभर लावता येऊ लागला, आणि सिटीबँकेने व्याजमर्यादा उठवणाऱ्या साउथ डकोटात आपला कार्डव्यवसाय हलवला. फक्त किमान रक्कम भरली तर बाकी फिटायला किती वर्षे लागतील, हे दर महिन्याच्या बिलावर छापणे २००९ च्या कायद्याने बंधनकारक झाले.