सादळलेलं बिस्किट आणि फजी कुकी

पाऊस लागून आठवडा झाला की कोकणातल्या स्वयंपाकघरांत ठरलेलं वाक्य ऐकू येतं, ‘मिठाला पाणी सुटलं.’ गुळाला ते आधीच सुटलेलं असतं. मग चिक्की चिकटते, बिस्किटं सादळतात, आणि घरी कुकीज करणारी मंडळी ओव्हनला कापड गुंडाळून ठेवतात. पावसात बेकिंग जमत नाही, असा एकूण समज.

वाक्य बोलायला ठीक, पण भौतिकशास्त्र नेमकं त्याच्या उलट आहे. मिठातून पाणी सुटत नाही. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यात स्वतः विरघळतं. पाण्यात विरघळणाऱ्या प्रत्येक स्फटिकाचा एक उंबरठा असतो. हवेची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावेल तितक्या बाष्पापैकी किती टक्के तिच्यात आहे ते, त्याच्यावर गेली की स्फटिक ओला व्हायला लागतो. मिठाचा उंबरठा ७५ टक्के, साखरेचा ८५च्या आसपास, फ्रुक्टोजचा (फळांतल्या साखरेचा) साधारण ६२. जुलैत रत्नागिरी-वेंगुर्ल्याकडची हवा ८५ ते ९० टक्क्यांवर असते. म्हणून मीठ रोज ओलं, साखर काठावर, आणि ज्यात थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोज मिसळलेलं असतं तो गूळ सगळ्यांच्या आधी पाघळलेला. बरणीचं झाकण बदलून हा क्रम बदलत नाही.

फजी कुकी, म्हणजे वरून पापुद्र्यासारखी तडकलेली आणि आतून बर्फीसारखी दाट, दाताला किंचित चिकटणारी चॉकलेट कुकी, याच गणितावर उभी आहे. कोकणच्या हवेत कुरकुरीत बिस्किटापेक्षा तीच जास्त शहाणी.

आधी बिस्किट सादळतं म्हणजे काय ते पाहू. कुरकुरीत बिस्किटातली साखर बरीचशी स्फटिकाच्या रूपात नसते. भाजताना ती विरघळते, पाणी उडून जातं, आणि रेणूंना ओळीत बसायला वेळ न मिळाल्यामुळे ती अस्ताव्यस्त गोठते. अशा गोठलेल्या पदार्थाला काच म्हणतात, आणि हे उपमा म्हणून नाही. खिडकीची काच आणि चिक्कीतला पाक यांची अवस्था एकच आहे. काच मोडते तेव्हा ‘कट्’ आवाज येतो, तोच आपला कुरकुरीतपणा. साखरेची अगदी कोरडी काच मऊ व्हायला ६० अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं. पण पाण्याचे छोटे रेणू तिच्यात शिरले की मोठे रेणू एकमेकांवरून घसरायला लागतात आणि हे तापमान झपाट्याने खाली येतं. वजनाच्या जेमतेम चार टक्के पाणी शिरलं तरी ते खोलीच्या तापमानाला येऊन टेकतं. काचेचं रबर होतं. सादळणं ते हेच.

पाणी कुठून कुठे जाईल हे पदार्थात ते किती आहे यावर ठरत नाही, ते किती मोकळं आहे यावर ठरतं. याला शास्त्रज्ञ वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी म्हणतात. आपण मोकळं पाणी म्हणू. पदार्थ घट्ट डब्यात बंद करा, आतली हवा स्थिर होऊ द्या आणि तिची आर्द्रता मोजा. ६५ टक्के निघाली तर त्या पदार्थाचं मोकळं पाणी ०.६५. भाजलेल्या बिस्किटाचं ०.३च्या आत असतं आणि ०.४ ते ०.५ ओलांडलं की ते मऊ पडतं. पावाचं ०.९५. बहुतेक बुरशींना वाढायला ०.७च्या वर लागतं, आणि ०.६च्या खाली कोणताच जीवजंतू वाढत नाही. कैरीच्या लोणच्यात पावापेक्षा कमी पाणी नसतं. तरी पावाला चौथ्या दिवशी बुरशी येते आणि लोणचं वर्ष काढतं, कारण तिथलं बरंचसं पाणी मिठाने बांधून ठेवलेलं असतं, वर कैरीचा आंबटपणा आणि तेल. लोणचं नासलं की ‘कोणाची तरी सावली पडली’, ‘विटाळ झाला’ म्हणून घरातल्या बायकांना बोल लावणाऱ्यांनी बरणीत ओला चमचा कोणी घातला ते आधी विचारावं. सावलीला वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी नसते.

आता कृती. साधारण १६ कुकीज होतील. ५०-५५ टक्के कोकोचं डार्क चॉकलेट १७० ग्रॅम, बटर ६० ग्रॅम, साखर ११० ग्रॅम (मिक्सरमध्ये जराशी फिरवून बारीक केलेली), किसलेला गूळ ४० ग्रॅम, मध्यम आकाराची दोन अंडी (कवचाशिवाय १०० ग्रॅम), मैदा ६५ ग्रॅम, कोको पावडर २० ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा चमचा. बाजारात सहज मिळणारं पिवळं बटर खारवलेलं असतं, तेव्हा वेगळं मीठ नको. वाट्या-चमच्यांनी हे प्रमाण जमत नाही. चारशे-पाचशे रुपयांचा वजनकाटा घ्यावा.

या मिश्रणात पाणी कोणीच ओतलेलं नाही, तरी हिशेब करून पाहा. अंड्यांतून सुमारे ७५ ग्रॅम, बटरमधून १०, मैद्यातून ८, गुळातून २. एकूण ९५ ग्रॅम. साखर मात्र ११० अधिक ४०, शिवाय चॉकलेटमध्ये दडलेली सत्तर-पंचाहत्तर, म्हणजे २२५ ग्रॅमच्या आसपास. तीस अंशांना एक ग्रॅम पाण्यात साखर विरघळते सुमारे दोन ग्रॅम, फार तर थोडी जास्त. म्हणजे कच्च्या मिश्रणातच पाणी साखरेने जवळपास भरलेलं आहे. भाजताना यातलं निम्मं पाणी उडतं. उरलेल्या ४५-५० ग्रॅम पाण्यात २२५ ग्रॅम साखर: हा सरळसरळ पाक आहे. फजी कुकीचा गाभा म्हणजे अंड्याच्या जाळीत आणि कोको बटरमध्ये अडकवलेला पाक. लाडूवाल्यांना वेगळं सांगायला नको.

पाकाचं दुखणंही तेच. तो साखरतो. रवा लाडू दुसऱ्या दिवशी दगड होतात, कारण साखरेचे रेणू पुन्हा ओळीत बसून स्फटिक बनवतात. त्यावरचा घरगुती उपाय म्हणजे पाकात लिंबू पिळणं. आम्लामुळे साखरेचा रेणू तुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात. या वेगळ्या आकाराच्या विटा भिंतीत बसत नाहीत आणि रचना बिघडवत राहतात. गुळात ही तुटलेली जोडी आयतीच असते. ४० ग्रॅम गूळ इथे चवीपेक्षा त्यासाठी आहे. फ्रुक्टोज पाणी जास्त घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे नुसत्या साखरेच्या संपृक्त (आणखी साखर विरघळणार नाही अशा) पाकाचं मोकळं पाणी ०.८५ असतं ते या मिश्रपाकात आणखी खाली येतं. नीट भाजलेल्या फजी कुकीत ते ढोबळमानाने ०.६५ ते ०.७५ निघतं. गूळ सगळाच्या सगळा, म्हणजे १५० ग्रॅम घातला तर कुकी पसरते, वरचा पापुद्रा येत नाही आणि हाताला चिकटते. ‘गुळाची म्हणून पौष्टिक’ असं लेबल लावून दुप्पट भाव घेणाऱ्यांबद्दल एवढंच सांगता येईल, की गुळातही बहुतांश साखरच असते.

चॉकलेट आणि बटर एकत्र, खाली गरम पाण्याचं पातेलं ठेवून वितळवावं. वरच्या भांड्याचा तळ पाण्याला लागू नये आणि वाफ आत येऊ नये. चॉकलेट म्हणजे कोको बटरमध्ये तरंगणारे साखरेचे आणि कोकोचे कोरडे कण. त्यात दोन थेंब पाणी पडलं की साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि सगळ्याचा खरखरीत गोळा होतो. तसा झालाच तर फेकू नये. दोन-तीन चमचे कोमट पाणी एकदम घालून घोटावं, कण पुन्हा सुटे होतात. पण ते चॉकलेट कुकीला नको, दुधात घालावं. वेष्टनावर घटकांमध्ये ‘कोको बटर’ लिहिलेलं हवं. त्याऐवजी वनस्पती तेल लिहिलं असेल तर ते कंपाउंड. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास, म्हणजे जिभेवर, वितळतं. कंपाउंड तोंडात मेणासारखं रेंगाळतं. बटरच्या जागी खोबरेल घालण्याचा मोह कोकणात होणारच. पण ते २४ अंशांना वितळतं, म्हणजे आपल्याकडे बारा महिन्यांतले निदान दहा महिने पातळच. कुकी बसत नाही, बोटं तेवढी तेलकट होतात.

अंडी, साखर आणि गूळ बीटरने पाच मिनिटं फेटावं. मिश्रण फिकट होऊन वरून पडणाऱ्या धारेचा ठसा दोन-तीन सेकंद टिकला की झालं. साखर इथे विरघळली नाही तर वरचा तडकलेला पापुद्रा विसरा: तो म्हणजे पृष्ठभागावर वाळलेला, साखरेने भरलेल्या अंड्याच्या फेसाचा पातळ थर आहे. चॉकलेट ४० अंशांपर्यंत, म्हणजे बोटाला जेमतेम कोमट, आल्यावर अलगद मिसळावं. त्याहून फार गरम असेल तर अंडं शिजून गुठळ्या होतात. मग मैदा, कोको आणि बेकिंग पावडर चाळून, पांढरे पट्टे दिसेनासे होईपर्यंतच. जास्त घोटलं की मैद्यातलं ग्लुटेन, म्हणजे प्रथिनांची लवचीक जाळी, ताणलं जातं आणि कुकीचा केक होतो. पीठ आता सैल असेल. पुस्तकात लिहिलेलं ‘खोलीचं तापमान’ वीस अंशांचं असतं, आपलं तीस. म्हणून मिश्रण वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवावं. चॉकलेट जरा आळलं की ३५ ग्रॅमचे ढीग, पाच-पाच सेंटिमीटर अंतरावर, कागद लावलेल्या ट्रेवर.

ओव्हन १७५ अंश, वर-खाली दोन्ही कांड्या चालू, दहा ते अकरा मिनिटं. कडा बसलेल्या आणि मध्यभाग हलवल्यावर किंचित थरथरणारा, या क्षणी बाहेर काढायचं. ‘अजून कच्ची आहे’ म्हणून चार मिनिटं वाढवणं हीच सर्वात जास्त होणारी चूक. ट्रेवरच दहा मिनिटं राहू द्यावी. आतली उष्णता काम पुरं करते आणि कोको बटर गार होताना गाभा दाट होतो. मध्यात ७५ अंश गाठले की अंड्याबद्दलची काळजी मिटते. बारीक टोकाचा थर्मामीटर असेल तर खात्री करावी. कढईत मीठ पसरून किंवा शिटी-रिंग काढलेल्या कुकरमध्येही कुकी भाजते, पण उष्णता खालूनच येत असल्याने वरचा थर वाळत नाही. चव येईल, पापुद्रा येणार नाही.

पावसाळ्यात ओव्हन दगा देतो तो आर्द्रतेमुळे नाही, विजेमुळे. कांडीची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २३०चे १९० व्होल्ट झाले की ती ६८ टक्क्यांवर येते, ओव्हन तापायला दीडपट वेळ लागतो, आणि घड्याळ बघून आत ढकललेली कुकी तापण्याआधीच वितळून पसरते. पंधरा मिनिटांऐवजी पंचवीस मिनिटं तापवावं. आर्द्रतेचं म्हणाल तर तीस अंशांची, ९० टक्के दमट हवा १७५ अंशांना तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता अर्धा टक्काही उरत नाही. ओव्हनच्या आत बाहेरचा पाऊस पोचत नाही. मैदा दमट झाला ही तक्रारही मोजून पाहण्यासारखी आहे. मैद्याने दोन टक्के जास्त पाणी धरलं तर ६५ ग्रॅममागे फरक सव्वा ग्रॅमचा. एका अंड्याचं वजन ४५ ऐवजी ५५ ग्रॅम निघालं तर पाणी साडेसात ग्रॅमने वाढतं. अंडी वजन करून घ्यावीत, मैद्याला उगाच दोष देऊ नये.

श्रावणात अंडं चालत नसेल तर हीच कृती अंडं वगळून करू नये. जाळी आणि पापुद्रा दोन्ही जातात. त्या दिवसांत नानकटाई बरी. तिच्यात पाणी जवळजवळ नसतंच, ग्लुटेन बनत नाही, साखर विरघळत नाही, म्हणून ती जिभेवर भुगा होते. तिचं शास्त्र वेगळं.

खरी लढाई कुकी गार झाल्यावर सुरू होते. आत ०.७, बाहेर हवा ०.८८. उघडी राहिली तर ती पाणी ओढत जाते. आधी पापुद्रा चिकट होतो, मग मोकळं पाणी ०.८ ओलांडलं की काही दिवसांत बुरशी. पण बिस्किटासारखी तासाभरात मान टाकत नाही, कारण तिच्याकडे मोडायला काच नाहीच, ती आधीपासून पाक आहे. पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भराव्यात, थरांमध्ये कागद, आणि डबा एक मोठा घेण्यापेक्षा दोन लहान. पावसाळ्यात चार दिवस, एरवी आठवडाभर.

डब्यात तांदळाची पुरचुंडी टाकायची पद्धत आहे. मिठाच्या बरणीत ती उपयोगी, कारण कोरड्या साठवणीच्या तांदळाचं मोकळं पाणी ०.६ ते ०.६५ असतं, मिठाच्या उंबरठ्याखाली. पण ०.३च्या बिस्किटांच्या डब्यात तोच तांदूळ उलट पाणी देतो. तिथे तो कढईत खरपूस भाजून, डब्याला झाकण लावून गार करून मगच टाकावा. फजी कुकीच्या डब्यात घालूच नये.

जास्तीच्या कुकीज करून ठेवण्यापेक्षा कच्चे ढीग फ्रीझरमध्ये गोठवावेत आणि लागतील तसे बारा-तेरा मिनिटं भाजावेत. ते आधी बाहेर काढून सैल होऊ देऊ नयेत, गोठलेलेच तापलेल्या ओव्हनमध्ये जाऊ द्यावेत. जुलैच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्याच्याखाली हवेतलं बाष्प थेंब होऊन जमतं ते तापमान, पंचवीस अंशांच्या आसपास असतो. ओट्यावर पाच मिनिटं ठेवले तरी त्यांच्यावर पाणी जमतं, आणि त्या पाण्यात पापुद्र्याची साखर वाहून जाते.