खुबा शाबूत, म्हणजे ‘मुका मार’च असे नाही

म्हातारे माणूस न्हाणीत घसरून पडले, खुब्याच्या एक्स-रेत काही दिसले नाही, की ‘मुका मार आहे, दोन महिने बाजेवरून उठू देऊ नका’ हा सल्ला मराठवाड्यातल्या गावांत आजही सर्रास दिला जातो. तो दोन्ही अंगांनी चुकीचा आहे. हाडे ठिसूळ झाली असतील तर साध्या पडण्यानेही कमरेच्या कड्याला, म्हणजे पेल्विसला, तडा जातो. जांघेजवळचा तडा एक्स-रेत दिसला तरी मागच्या त्रिकास्थीतला, म्हणजे कण्याच्या तळाच्या हाडातला, अनेकदा निसटतो आणि तो सीटी किंवा एमआरआयमध्येच सापडतो. कूस बदलताना, उठून बसताना कळ येत असेल तर ही तपासणी टाळू नये (तेल चोळून हाड ‘बसवून’ घेणे तर नकोच).

बहुतेक तडे शस्त्रक्रियेविना जुळतात. जिवावर बेतते ते अंथरुणाला खिळल्याने: न्यूमोनिया, पायाच्या शिरांतील रक्ताच्या गुठळ्या, पाठीवरच्या जखमा, झडणारे स्नायू. म्हणून वेदनाशामके देऊन, डॉक्टरांच्या सल्ल्याने, पहिल्या काही दिवसांतच वॉकरच्या आधाराने उभे करतात. हाड सरकले असेल किंवा वेदना उभेच राहू देत नसतील, तेव्हा स्क्रू बसवण्याचा विचार होतो. ठिसूळपणावरचे औषध मात्र बहुधा राहूनच जाते, आणि पुढे आणखी एखादे हाड मोडते.